महाड नकाशावर वाचताना : जुने नकाशे आणि आपल्या वस्तीचा इतिहास

दरवर्षी 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला आपण महाडला जातो. गाडी थांबते, आपण चवदार तळ्यावर जातो, बाबासाहेबांना वंदन करतो, क्रांतिस्तंभावर जातो, पुस्तकांच्या स्टॉलवर थोडा वेळ घालवतो आणि परतीला लागतो. दोन वर्षांपूर्वी आमच्यासोबत अकरावीत शिकणारी एक मुलगी होती. तिने साधाच प्रश्न विचारला, "दादा, बाबासाहेब महाडला आले कुठल्या रस्त्याने?" आमच्या गटात पंधरा-पंधरा वर्षे महाडला येणारे कार्यकर्ते होते. एकाने हायवेकडे बोट दाखवले, दुसऱ्याने एस.टी. स्टँडकडे. खात्रीने कोणालाच सांगता येईना.

आपल्याला 1927 च्या तारखा पाठ आहेत. 19 आणि 20 मार्चची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, 25 डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, हे शाळकरी मूलही सांगते. जागा मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. त्या दिवशी परतल्यावर आम्ही महाडचे जुने नकाशे शोधायला बसलो. त्या खटाटोपात जे शिकलो ते इथे मांडतो आहोत, कारण हे काम कोणत्याही तालुक्याच्या गावी, दोन-चार तरुणांना जमवून करता येते आणि त्याचा उपयोग निव्वळ इतिहासापुरता नाही.

पहिली ठेच लागली ती नावालाच. 'रायगड जिल्हा' असे शोधले तर जुने फारसे काही हाती येत नाही. 1981 पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता. जुने नकाशे, गॅझेटियर, अहवाल सगळे कुलाब्याच्या नावावर आहेत. शिवाय इंग्रजी कागदांत आपल्या गावांची स्पेलिंगे ज्याला जशी ऐकू आली तशी लिहिलेली असतात. म्हणून शोध घेताना गावाच्या नावाची तीन-चार रूपे लिहून ठेवावी लागतात आणि गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तालुक्यात किंवा कोणत्या संस्थानात होते ते आधी पाहावे लागते. मराठवाड्यातल्या मित्रांना निजामाच्या राज्याचे, कोल्हापूरच्या मित्रांना संस्थानाचे कागद पाहावे लागतील.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे भूरूप दाखवणाऱ्या पत्रकावर, महाड सापडते ते सावित्री नदीच्या काठी, गांधारी नदी तिला येऊन मिळते त्या भागात. सावित्रीवर बोट ठेवून पश्चिमेकडे निघाले की काही मैलांवर दासगाव लागते. तिथून पुढे नदी रुंद होत जाते, तिची बाणकोटची खाडी होते आणि हरिहरेश्वरजवळ ती समुद्राला मिळते. डिसेंबर 1927 च्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी 24 तारखेला 'पद्मावती' बोटीने निघाले, हरिहरेश्वरमार्गे खाडीत शिरले, 25 तारखेच्या दुपारी दासगाव बंदराला उतरले आणि तिथून सुमारे 5 मैल चालत महाडला आले. हे चरित्रांमध्ये लिहिलेले आहे, आपण ते वाचलेलेही असते. पण नकाशा समोर नसताना 'दासगाव' हा निव्वळ एक शब्द राहतो. नकाशावर ती खाडी पाहिली की कळते, त्या काळी महाडचा दरवाजा समुद्राकडे होता. कोकण रेल्वे पुढे सत्तर वर्षांनी आली. आज आपण ज्या बाजूने महाडात शिरतो ती बाजू वेगळी.

आणि दासगाव हे केवळ उतरण्याचे ठिकाण नव्हते. तिथे आणि आसपासच्या गावांत सैन्यातून पेन्शन घेतलेल्या महार कुटुंबांची वस्ती होती. परिषदेच्या आयोजनात ज्यांचा मोठा वाटा होता ते रामचंद्र बाबाजी मोरे याच परिसरातले. अस्पृश्यतेविरुद्ध एकोणिसाव्या शतकात लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकर महाड तालुक्यातल्या रावढळचे. ही नावे नकाशावर टिंब टिंब लावून पाहिली की महाडच का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. बोट येण्याजोगी नदी, बंदर, छावण्यांतून शिकून परतलेली माणसे, आणि या सगळ्यांना एका दिवसात चालत पोचता येईल असे तालुक्याचे गाव.

त्याच पत्रकावर महाडच्या वायव्येला गांधारपाले इथल्या बौद्ध लेण्यांची खूण असते. महाडजवळच कोल या गावीही लेणी आहेत. गांधारपाल्याला राजपुत्र काणभोज विष्णुपालिताचा शिलालेख आहे. भिक्खूंनी ही जागा का निवडली असेल हे समजायला शिलालेखापेक्षा नकाशा जास्त मदत करतो. खाडीतून येणारा माल महाडला उतरायचा आणि वरंधा घाटातून किंवा पोलादपूरच्या बाजूने देशावर चढायचा. लेणी त्या वाटेवर आहेत. म्हणजे ज्या नदीवाटेने बाबासाहेब आले त्याच नदीवाटेच्या काठी जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी आपले विहार होते. आम्ही यात कुठलाही चमत्कार पाहत नाही. व्यापाराच्या वाटा टिकतात एवढेच. तरी पहिल्यांदा हे पत्रकावर पाहिले तेव्हा आमच्यातले दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत.

मार्चच्या परिषदेत बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. तळ्याचे पाणी प्याल्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा उठवली गेली आणि मंडपात जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ला झाला. काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आता नकाशा घेऊन या गोष्टी जागेवर लावून पाहाव्यात : तळे कुठे, वीरेश्वर कुठे, मुसलमान मोहल्ला कुठे, डाक बंगला कुठे. टोपोशीटवर अशा बंगल्यांना इंग्रजीतील 'डी.बी.' ही अक्षरे वापरतात, पोलीस ठाण्याला 'पी.एस.', टपाल कचेरीला 'पी.ओ.'. लोक कोणत्या गल्ल्यांतून पळाले असतील, कोणती घरे जवळ होती, हे चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. डिसेंबरच्या परिषदेला महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. ती जमीन तळ्यापासून किती दूर होती, हे मोजून पाहणाऱ्यालाच त्या मदतीची किंमत कळते.

चवदार तळ्याचा खटला तर मुळातच जागेचा खटला होता. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली झाला होता आणि महाड नगरपालिकेने 1924 साली तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि डिसेंबर 1927 मध्ये मनाई हुकूम मिळवला. न्यायालयापुढे प्रश्न हे होते की तळे कोणाच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी खरोखर अनादि काळापासूनची आहे का. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी रूढी सिद्ध होत नाही असा निकाल दिला. त्या निकालात तळ्याचे वर्णन आहे : चार ते पाच एकरांचे पाणी, सभोवार नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे मुख्यतः सवर्णांची घरे. हे वर्णन हाच एक नकाशा आहे. सार्वजनिक रस्त्यांनी वेढलेले पाणी सार्वजनिक का नसावे, आणि तिथपर्यंत पोचायला कोणाच्या दारांवरून जावे लागे, हे दोन्ही त्यात दिसते. दहा वर्षे आपल्या लोकांना जागेचा पुरावा घेऊन लढावे लागले. जुने कागद जपायचे कशासाठी, असे कोणी विचारले तर आम्ही हा खटला सांगतो.

कोणता नकाशा, कुठला नकाशा

नकाशे ढोबळमानाने दोन घराण्यांचे असतात. एक सर्व्हे ऑफ इंडियाचे, दुसरे महसूल खात्याचे. दोघांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रके एक इंचाला एक मैल या प्रमाणात आहेत, नंतरची 1:50,000 प्रमाणात, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पत्रकाचा क्रमांक घोकायची गरज नाही, काढता येतो. देशाचे चार अंश गुणिले चार अंशांचे मोठे चौकोन केले आहेत. महाराष्ट्राचा बराच पश्चिम भाग 47 क्रमांकाच्या चौकोनात येतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी 'ए' पासून 'पी' पर्यंत अक्षरे. प्रत्येक भागाचे पुन्हा 15 मिनिटांचे सोळा तुकडे. मोजणी वायव्य कोपऱ्यापासून सुरू होते आणि आधी खाली उतरत जाते. महाड सुमारे 18 अंश 5 मिनिटे उत्तर अक्षांश आणि 73 अंश 25 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, म्हणून त्याचे पत्रक 47 एफ/8. रायगड किल्ला आणि दासगावही याच पत्रकात येतात. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर पाहून हाच हिशेब करावा. 2005 च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत, त्याने गोंधळू नये.

किनारपट्टीची पत्रके दीर्घकाळ सामान्य माणसाला मिळत नसत. आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नवी पत्रके मिळतात आणि 2021 च्या नव्या नियमांनंतर बरीच मोकळीक आली आहे. जुन्यासाठी अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात काढलेली भारताची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने फुकट उपलब्ध केली आहे. ती 1:2,50,000 प्रमाणात असल्याने गल्ली-बोळ दिसत नाहीत, पण जुने रस्ते, बंदरे, गावांची नावे दिसतात. सुरुवातीला तेवढे पुरते. सोबत 1883 चे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर ठेवावे. त्याची भाषा सरकारी आणि दृष्टी साहेबाची आहे हे लक्षात ठेवून वाचले की त्यात पुष्कळ आहे.

पत्रक हाती आले की आधी समास वाचा. सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष यांत मोठे अंतर असू शकते. 'अमुक साली इथे विहीर होती' असे म्हणायचे असेल तर सर्वेक्षणाचे वर्ष धरावे लागते. मग चिन्हांची यादी पाहा. तपकिरी रेषा उंचीच्या, निळा रंग पाण्याचा, लाल रंग वस्तीचा आणि रस्त्यांचा. बांधीव विहीर आणि कच्ची विहीर यांची चिन्हे वेगळी असतात. आमच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. गावाच्या पोटात बांधीव विहिरी आणि बाहेरच्या वस्तीजवळ नाल्यातले डबके, हे ज्या पत्रकावर दिसते तिथे वेगळे भाष्य करावे लागत नाही.

मात्र एक सांभाळा. महारवाडा नेहमी पूर्वेला किंवा नेहमी ओढ्याच्या खालच्या अंगालाच असतो असे आपण भाषणात सहज म्हणतो. प्रत्येक गावी ते खरे असेलच असे नाही. उंचीच्या रेषा आणि ओढ्याचा उतार पाहून तपासा. खरे निघाले तर आपल्याकडे पुरावा आहे, नाही निघाले तर तसे सांगा. 2021 च्या जुलैत महाडात पाणी भरले, 2005 सालीही भरले होते. तुमच्या गावी पूर आला की आधी कोणाची वस्ती बुडते आणि ती वस्ती त्या सखल जागी कोणी, केव्हा बसवली, हाही प्रश्न याच रेषांवरून विचारता येतो.

दुसरे घराणे महसुलाचे. मुंबई इलाख्यात पद्धतशीर जमीन मोजणी 1836 साली इंदापूरपासून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे तिचे अधिकारी. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. या मोजणीतून गाव नकाशा आणि प्रत्येक सर्व्हे नंबराचे टिपण तयार झाले. टिपण म्हणजे जागेवर काढलेले मापांसकट रेखाटन. याशिवाय फाळणी, आकारफोड, आकारबंद अशी कागदांची साखळी असते. हे सगळे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात असते. शहरी भागात नगर भूमापन झाले असेल तर सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळते. आता गाव नकाशे 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर पाहता येतात आणि काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर आले आहेत. पण तिथे नसेल म्हणून अस्तित्वातच नाही असे समजू नका. नकलेसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

इथे नेहमीची अडचण अशी की जुना नकाशा सर्व्हे नंबरांचा आणि आजचा सातबारा गट नंबराचा. 1947 च्या कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण झाले तिथे नंबर बदलले. जुन्या नंबराचा नवा गट कोणता हे सांगणारी एकत्रीकरणाची पत्रके असतात, ती आधी मागावीत. नाहीतर दोन कागद समोर असूनही एकमेकांशी बोलत नाहीत.

नकाशावर नकाशा ठेवण्यासाठी संगणक हवाच असे नाही. आम्ही पहिल्यांदा केले ते बटर पेपरवर. दोन्ही नकाशे एका मापाचे करून झेरॉक्स काढले. मग न हललेल्या गोष्टी शोधल्या : नद्यांचा संगम, जुने देऊळ, दर्गा, टेकडीचा माथा, गावची वेस. अशा चार-पाच जागा जुळल्या की बाकीचे आपोआप जुळते. पुलावर फार भिस्त ठेवू नये. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, नवा पूल 2017 साली झाला. नदीचे वळणही सरकते. ज्यांना संगणक जमतो त्यांनी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे, त्यात जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर बसवता येतो. आमच्या गटातल्या एका डिप्लोमाच्या मुलाने ते यूट्यूबवर पाहून एका आठवड्यात शिकून घेतले.

आजीने दुरुस्त केलेला नकाशा

आता आमची एक चूक सांगतो. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी, नाव देत नाही, आम्ही हाच प्रयोग करत होतो. जुन्या पत्रकावर ओढ्याच्या पलीकडे इंग्रजीत 'महारवाडा' असे छापलेले. आजची बौद्ध वस्ती ओढ्याच्या अलीकडे. आम्ही मोठ्या उत्साहात निष्कर्ष काढला की वस्ती मुळात पलीकडे होती, तिथून हलवली गेली. विहारात बैठक घेतली आणि तसे सांगितलेही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या ऐंशी पार केलेल्या आजी म्हणाल्या, "कोण म्हणतं रं? पल्याड कुणाचं घर नव्हतं. पल्याड आपली मसणवट. माझा सासरा तिथंच हाय."

आम्ही पुन्हा पत्रकावर वाकलो. घरांचे बारीक ठिपके खरोखर ओढ्याच्या अलीकडेच होते. नाव पलीकडे छापले होते कारण तिथे कोरी जागा होती. छापखान्यात नाव बसते तिथे बसवतात, एवढी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. एम.ए. ला आम्ही संशोधन पद्धती शिकलो होतो, मुलाखतीचे तंत्र शिकलो होतो, पण बैठकीआधी आजींना विचारायचे राहून गेले.

त्या एका वाक्याने शोधाची दिशाच बदलली. ओढ्यापलीकडच्या त्या जागेला आता कुंपण आहे. वस्तीतले लोक गेली काही वर्षे अंत्यविधीसाठी लांब जातात, कारण 'ती जागा तुमची असल्याचा कागद काय' असे त्यांना विचारले गेले होते. गाव नकाशा मागितला तेव्हा एवढा जुना नकाशा नाही असे तोंडी उत्तर मिळाले. माहिती अधिकाराचा अर्ज दिल्यावर काही आठवड्यांनी तो सापडला. त्यात ओढ्यापलीकडच्या एका नंबरात बारीक अक्षरांत 'स्मशान' लिहिले होते. एकत्रीकरणाचे पत्रक पाहून आजचा गट काढला आणि मोजणीचा अर्ज केला. प्रकरण अजून सुरू आहे. आजींचे म्हणणे आम्ही लिहून घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि त्यांच्या आवाजातही जपून ठेवले. नकाशा आणि साक्ष दोन्ही लागतात.

महसुलाच्या नकाशात एक मोठे मौन असते, तेही ओळखले पाहिजे. मोजणी झाली ती शेतसाऱ्यासाठी. ज्या जमिनीवर सारा नव्हता तिच्यात साहेबाला रस नव्हता. म्हणून जुन्या गाव नकाशात गावठाण हा बहुतेक एक कोरा आकार असतो, आतली घरे नसतात. कुठे महारवाड्याचे वेगळे छोटे गावठाण दाखवलेले असते, कुठे वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेरच राहते. हा आज जिवंत प्रश्न आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू आहे. तुमची वस्ती गावठाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे आधी तपासा. बाहेर असेल तर गावठाण विस्तारासाठी ग्रामसभेत विषय आताच घ्या. ड्रोन उडून गेल्यावर नव्हे.

आणि गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की या सगळ्या सीमांचे ज्ञान कोणाकडे होते? गावच्या शिवेचा वाद झाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव चालून दाखवायची ती त्यानेच. हे वतनाचे काम होते आणि मोबदल्यात वतनाची जमीन होती. तिच्यातली गुलामी बाबासाहेबांनी उघडी केली, वतनाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून 1928 साली विधेयक आणले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत द्यायची तरतूद झाली. कागदोपत्री 'इनाम वर्ग 6-ब' असा उल्लेख दिसला तर ती बहुधा अशीच जमीन. अशा किती जमिनी आज प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहेत, हे गावोगाव जुना गाव नकाशा आणि आजचा सातबारा समोरासमोर ठेवूनच कळेल. हे काम संघटना म्हणून कोणी मनावर घेतलेले आम्हाला फारसे दिसत नाही. मोर्चापेक्षा ते कंटाळवाणे आहे हे खरे.

शेवटचा मुद्दा नावांचा आणि इथे आमच्या गटातही मतभेद आहेत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याआधीच, धम्मदीक्षेनंतर, अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी स्वतः महारवाड्याचा बौद्धवाडा, भीमनगर, सिद्धार्थनगर केला होता. ते योग्यच झाले. कोणाच्याही आधार कार्डावर जात हा पत्ता असता कामा नये. पण नव्या नकाशात नाव बदलले की जुना महारवाडा कुठे होता, तिथे कोणती विहीर होती, स्मशान कुठे होते याचा छापील माग फक्त जुन्या पत्रकांत उरतो. आमच्यातले काही जण म्हणतात, पुसू द्या, आपल्याला ते नाव नकोच. आम्हाला ते पटत नाही. म्हणून नामांतराचा ठराव ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत मांडाल तेव्हा ठरावासोबत जुन्या पत्रकाची आणि गाव नकाशाची नक्कल जोडा, जुने नाव आणि त्या नावाखालचे सर्व्हे नंबर ठरावाच्या मजकुरात नमूद करून घ्या, आणि एक संच विहारात लॅमिनेट करून ठेवा. फाटके कागद विहाराच्या कपाटात वाळवीच्या तोंडी देऊ नका.

महाडच्या त्या मुलीला उत्तर द्यायचे राहिले होते. ती आता बारावीला आहे. येत्या 25 डिसेंबरला आमचा गट सकाळी दासगावला उतरणार आहे आणि तिथून महाडपर्यंत चालणार आहे. पत्रकाच्या झेरॉक्स आणि बटर पेपर आम्ही आणू. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाण्याची बाटली, पेन्सिल आणि शक्य असेल तर घरातल्या एका आजी-आजोबांचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून आणावा : आपल्या गावात पाणी कुठून भरायचे आणि त्या पाणवठ्यावर कोणाकोणाला उभे राहू देत नसत, एवढेच त्यांना विचारा.